वाचकांचे प्रश्न : असिरियन राजवाड्यांच्या रंगीत विटा

प्रश्न : असिरियन राजवाड्यांत चकचकीत विटांची भलीमोठी चित्रं असत. ती वीट-वीट कशी जुळवत? आणि आमच्या लाल मातीवर सोड्याची झिलई दिली की केसासारखे तडे का जातात?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : असिरिया म्हणजे आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन राज्य. त्याची एक राजधानी होती निमरूद; तिथलंच चित्र घ्या. तिथल्या फोर्ट शाल्मनेसर या किल्लेवजा राजवाड्यात सापडलेल्या या चित्रात राजा तिसरा शाल्मनेसर (इ.स.पू. 858 ते 824) पंखांच्या चकतीखाली समोरासमोर दोनदा उभा आहे, वर झाड आणि दोन बैल. उंची 4.07 मीटर, विटा तीनशेहून जास्त. झिलई फक्त भिंतीत बाहेर दिसणाऱ्या कडेवर. असिरियन कारागीर विटेच्या वरच्या अंगाला जुळवणीच्या खुणा रंगवत. वरचा थर बसला की खूण झाकली जाई. तुम्हीही विटा जमिनीवर मांडून आधी पूर्ण चित्र काढा, प्रत्येकीवर ओळ आणि क्रमांक घाला, मगच सुट्या करा. खूण भट्टीत टिकणाऱ्या रंगानेच करा, खडूची जळून जाते.

असिरियन विटांवरचा पिवळा रंग शिसं आणि अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचा, पांढरा चुना आणि अँटिमनीचा, निळा-हिरवा तांब्याचा. काळ्या रेघांनी रंगांच्या हद्दी आखलेल्या. शिसं-अँटिमनी विषारी आहे, घरी कुटू नका. तयार पिवळा स्टेन (झिलईत मिसळायची रंगाची पूड) आणा.

आता तडे. सोड्याची झिलई निवताना मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून ताणली जाऊन तडकते. मेसोपोटेमियाच्या गाळाच्या मातीत चुना भरपूर, ती अशा झिलईशी बरी जुळते. आपल्या तांबड्या मातीत चुना कमी, लोह जास्त. मातीत बारीक क्वार्ट्झ (गारगोटी) पूड मिसळून पाहा: एका खापरीत 10 टक्के, दुसरीत 20, तिसरीत 30. झिलईतला सोडा थोडा कमी करून सिलिका (वाळू-गारगोटीतला मुख्य घटक) वाढवा. खालची लाली लपवायला पांढऱ्या मातीचा अस्तर-थर लागेलच.

सोडा कच्चा वापरू नका. तो पाण्यात विरघळतो, वीट तो शोषून घेते आणि वर नुसती वाळू उरते. आधी वाळूबरोबर वितळवा, पाण्यात ओता, दळा, मग लावा. कडेवरून ओघळलेली झिलई भाजण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर सांधे बसणार नाहीत. उघडा आवा इथे चालत नाही: धूर कोंडला तर तांब्याचा निळा मळकट तांबडा होतो. बंद भट्टी, भरपूर हवा, 900 ते 1000 अंश सेल्सिअस. भट्टी पूर्ण निवल्याशिवाय दार उघडू नका.