सड्यावर जाताना

अनेक आशीर्वाद.

तुझी रानफुलांची यादी वाचली. नावं बरोबर आहेत, फोटोही नेटके. पण फूल कशात उभं होतं, ते एकाही नावापुढे नाही. उथळ पाण्यात, फटीतल्या मातीत, की नुसत्या कातळावर? सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावर, सगळा फरक तिथेच पडतो.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे तू शिकलीच आहेस. रत्नागिरीकडे त्याच दगडाचा वरचा थर उष्ण, दमट हवेत कुजत गेला. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा झाला जांभा. तांबडा, भोकाभोकांचा आणि झाडाला द्यायला जवळजवळ काही नसलेला. सातबाऱ्यावर असा कातळ पोटखराबात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीत, जातो आणि मग जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणवाल्याला कोण अडवणार?

ऑगस्टमध्ये एखाद्या डबक्याकाठी उकिडवी बस. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं वर दिसतील, पण खरी गंमत खाली आहे. बारीक फुग्यांसारखे सापळे पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. त्या पाण्यात झाडाला लागणारा नायट्रोजन फारच थोडा, म्हणून ही शिकार. शेजारीच, जिथे मातीचा पातळ थर धरलाय, तिथे गेंदाची पांढरी बोंडं. दीपकाडी मात्र तोवर आटोपलेली असते. पहिल्या पावसाबरोबर ती कांद्यातून वर येते, पांढरी फुलं देते आणि पुन्हा मातीआड. मुख्यतः कोकणातल्या सड्यांवरचीच ही वनस्पती, त्यामुळे एक सडा उकरला तरी तिचं नुकसान मोठं.

आता सडा सोडून उतार उतर. जांभ्याच्या भोकांतून मुरलेलं पाणी खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन फुटतं. खालची राई, पोफळीची बाग, कित्येक वाड्यांचं पिण्याचं पाणी या झऱ्यांवर. झरा कुठल्या महिन्यात आटतो ते वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. आमच्यासारख्या पुस्तकी माणसांपेक्षा त्यांना ते जास्त ठाऊक.

कुडाळ-मालवणकडे गेलीस तर हेच गणित जसंच्या तसं लावू नकोस. जांभा तिथेही आहे, पण त्या भागात लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने ग्रॅनाइट आणि नाईस हे खडक उघडे पडलेत. मूळ दगड बदलला की माती बदलते, आणि झाडंही. तिथली नोंदवही वेगळी ठेव.

आणि एप्रिलमध्येही एकदा जा, सकाळी लवकर, पाणी घेऊन. सगळं करपलेलं असेल. तेव्हाच खळगे मोजून नकाशावर टाक: लांबी, खोली, तळाशी माती किती. पावसात पाणी भरलं की त्यांच्या कडा दिसत नाहीत.