मूर्खाला उत्तर द्यावं की गप्प राहावं? नीतिसूत्रे २६ आणि आमचा धुरा

जय ख्रिस्त, भाऊ. तुम्ही लिहिलंत की चुलतभाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडतो, वर चारचौघांत तुमच्या विश्वासाची टिंगल करतो. आणि बायबलातल्या नीतिसूत्रांचा २६ वा अध्याय उघडला तर चौथं वचन म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, पाचवं म्हणतं दे. मग करायचं काय?

आधी त्याला मूर्ख ठरवायची घाई करू नका. नीतिसूत्रांतला मूर्ख म्हणजे कमी शिकलेला माणूस नव्हे. नीतिसूत्रे १:२२ मध्ये तिघं वेगवेगळे आहेत: भोळा, निंदक आणि मूर्ख. भोळा कोणाच्याही बोलण्याला भुलतो, पण सांगितलं तर शिकतो. निंदकाला टिंगलीतच गोडी. मूर्खाला ज्ञानाचाच तिटकारा, चूक दाखवली की अंगावर येतो. या मापानं पाहिलं तर एका रात्री मूर्ख मीच होतो.

माझंही भांडण धुऱ्याचंच. शेजाऱ्यानं वखरता वखरता धुरा खाल्ला आणि तुरीची दोन तासं, म्हणजे ओळी, माझ्या वावरात पेरली. अंधार पडल्यावर कळलं. मी दारामागची काठी काढली. बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "काहून जाता एवढ्या राती? आधी दोन घास खा, मंग जा." तिनं ज्वारीची भाकर अन् ठेचा समोर ठेवला. पहिला घास घशाखाली उतरेना. अर्धी भाकर झाली तेव्हा भिंतीला टेकवलेली काठी दिसली आणि मलाच लाज वाटली. त्या रात्री मी गेलो नाही.

१ शमुवेल २५ पुन्हा वाचा. नाबाल नावाच्या श्रीमंताची ३००० मेंढरं, पण दाविदाच्या माणसांना भाकर द्यायला हात आखडला. नाबाल या नावाचा अर्थच मूर्ख. पण मला त्या अध्यायात दावीदच जास्त दिसतो. राजा होण्यासाठी अभिषेक झालेला माणूस, ४०० जण घेऊन एका उद्धट माणसासाठी अख्खं घर कापायला निघालेला. मूर्खाला त्याच्यासारखं उत्तर दिलं की आपण त्याच्यासारखे होतो, हे चौथं वचन तिथं चालताना दिसतं. नाबालाची बायको अबीगईल २०० भाकरी गाढवांवर लादून वाटेत आडवी आली आणि दावीद वाचला. नवऱ्याला तिनं त्या रात्री काहीच सांगितलं नाही, तो प्यालेला होता. सकाळी सांगितलं. वेळ ओळखणं हेही शहाणपणच आहे.

पाचवं वचनही खोटं नाही. अधिकार कोणी दिला असं मंदिरात विचारलं, तेव्हा प्रभू येशूनं, योहानाचा बाप्तिस्मा देवाकडून होता की माणसांकडून, असा उलट प्रश्न टाकून विचारणाऱ्यांची तोंडं बंद केली. हेरोद राजापुढे मात्र एक शब्द बोलला नाही. त्याला चमत्काराचा तमाशा हवा होता. म्हणून मी स्वतःला एवढंच विचारतो: हे उत्तर समोरच्याच्या भल्यासाठी आहे की माझ्या पोटातला राग बाहेर काढायला? नीतिसूत्रे १७:१४ म्हणतं, भांडणाची सुरुवात म्हणजे पाणी फोडणं. रात्री वावरात ज्यानं पाणी ओललं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एकदा बारं फुटलं की फावड्यानं आवरत नाही. टिंगल चारचौघांत झाली तरी उत्तर घरी, चहा घेताना द्या. बुद्धी कमी पडली तर मागा. याकोब १:५ प्रमाणे देव दोष न लावता देतो.

आमचं पुढं काय झालं तेही सांगतो. सरकारी मोजणी आणली. दोन तासं त्याचीच चूक निघाली, पण खालच्या टोकाला आमचा धुरा वडिलांच्या काळापासून त्याच्या वावरात सरकलेला होता. पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत, हे नीतिसूत्रे १८:१७ मला मोजणीच्या खुणांपाशी उभं राहून समजलं. आता आम्ही दोघं एकाच विहिरीवरून पाणी घेतो.

तुम्हीही मोजणीचा अर्ज पेरणीच्या आधी टाका, चुलतभावाला सांगून. कपाशी उभी राहिली की वावरात फिरून खुणा रोवणं जड जातं.