नव्या माशीला नाव देण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आंबोलीहून आणलेल्या पिवळ्या-काळ्या माशीचे तू पाठवलेले फोटो मी सावकाश पाहिले. पंखाच्या मध्यातून जाणारी, पण टोकाला कुठल्याच शिरेला न मिळणारी खोटी शीर त्यांत स्वच्छ दिसते. त्यामुळे ही माशी सिरफिडी कुलातली, म्हणजे फुलांपुढे हवेत एका जागी स्थिर राहणाऱ्या माश्यांपैकी आहे, यात शंका नाही. सडपातळ पोटावरून तू ठरवलेला स्फेरोफोरिया हा वंशही मला पटतो. (वर्तमानपत्रे 'प्रजाती' हा एकच शब्द कशालाही लावतात, म्हणून या पत्रात मी वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि जाती असेच लिहितो.) मात्र 'ही जाती नवीन आहे' या तुझ्या वाक्यापाशी मी थांबलो. नवीन म्हणजे आजवर ज्यांना नावे मिळाली त्या सगळ्यांहून वेगळी, आणि हा दावा करण्यासाठी तुझ्या एका माशीपेक्षा इतरांच्या माश्याच जास्त पाहाव्या लागतात.

पहिली अडचण अशी की तुझा एकमेव नमुना मादीचा आहे. नराचे डोळे कपाळावर एकमेकांना भिडतात, हिचे भिडलेले नाहीत. स्फेरोफोरियाच्या बहुतेक माद्या जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. सगळा निवाडा नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या गोल, फुगीर जननांगावर होतो. वंशाच्या ग्रीक नावाचा अर्थही 'गोल वाहून नेणारी' असाच आहे. नर मिळाल्यावर त्याचे पोट सोडवून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये मऊ करायचे, पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्यायचे आणि सर्स्टायलस नावाचे चिमटे वरून, बाजूने व खालून पाहून त्यांच्या आकृत्या काढायच्या. हा भाग नंतर ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच माशीच्या टाचणीला अडकवायचा, कारण एकदा वेगळा ठेवलेला भाग पुढे कोणत्या माशीचा होता हे कोणीही सांगू शकत नाही.

दुसरी अडचण रंगाची. तुझे सगळे वर्णन पट्ट्यांच्या रुंदीवर उभे आहे, आणि इथे मला माझी जुनी फजिती सांगावी लागते. थंडीत पकडलेल्या एका काळपट माशीवर मी महिनाभर टिपणे काढली, नावही मनाशी ठरवले. ती निघाली एपिसिर्फस बाल्टिएटस, जिचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ द गेर यांनी १७७६ सालीच करून ठेवले होते. या जातीच्या कोषाला थंडी लागली की पोटावरचे काळे पट्टे रुंदावतात आणि ऊब मिळाली की पिवळा रंग वाढतो, हे मी तेव्हा लक्षात घेतले नव्हते. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अशा तिन्ही वेळी त्याच जागेवरून नमुने गोळा कर. वनखात्याची परवानगी लागेल तिथे ती आधी घे. चिठ्ठीवर नुसते 'आंबोली' लिहून भागणार नाही. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि माशी कोणत्या फुलावर होती, एवढे तरी हवे.

मग तुलना. भारतातील या कुलासाठी ब्रुनेटी यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील १९२३ चा खंड अजूनही उघडावा लागतो, पण तिथेच थांबू नकोस. शेजारच्या देशांत वर्णिलेल्या जातीही पाहाव्या लागतात, कारण माश्यांना सरहद्द नसते. जुन्या लॅटिन वर्णनांत कधी दोन-तीन ओळीच असतात आणि त्या चार जातींना सारख्याच लागू पडतात. अशा वेळी कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे किंवा लंडनच्या संग्रहालयाकडे मूळ नमुन्याचे, म्हणजे ज्यावरून जातीला नाव दिले त्या माशीचे, फोटो मागण्यावाचून गत्यंतर नसते. उत्तराला महिने लागले तरी घाई करू नकोस. सोनेरी पोटाची एक ऑस्ट्रेलियन घोडमाशी १९८१ मध्ये पकडली गेली होती आणि तिला गायिका बियॉन्सेच्या नावावरून नाव मिळाले ते थेट २०११ मध्ये.

तू डीएनएविषयी विचारलेस. एक पाय काढून, जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा नेहमीचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घे, पण नोंदवलेल्या तुकड्यांशी जुळणी न मिळाल्याने हुरळून जाऊ नकोस. आपल्याकडच्या कितीतरी ओळखीच्या माश्यांचेही तुकडे अजून कोणी नोंदवलेले नाहीत.

केवळ फोटोंवरून वर्णन करता येईल का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मार्लेइमिया झायलोकोपी या माशीचे वर्णन नमुना जपलेला नसताना फोटोंवरून झाले आणि त्यावर मोठा वाद झाला. नामकरणाच्या नियमांत ते बसवता आले, तरी तुझ्या माशीचे वेगळेपण ज्या अवयवात दडलेले आहे तो फोटोत दिसतच नाही.

यानंतरही ती वेगळीच ठरली, तर लेखात आधी निदान लिही: जवळच्या कोणत्या जातीपासून, कोणत्या लक्षणाने ती वेगळी ओळखायची. डोक्यापासून शेपटापर्यंतचे सविस्तर वर्णन त्यानंतर. एक नर होलोटाइप, म्हणजे ज्याला ते नाव कायमचे बांधले जाते तो नमुना, म्हणून स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार हेही लिहावे लागते. प्राण्यांच्या नामकरणाच्या, २००० पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची ती अट आहे. लेख फक्त इंटरनेटवर निघणार असेल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंदणीही हवी. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची खबर व नमुना अधिकृत संग्रहाकडे द्यावा लागतो, तेव्हा होलोटाइप घरच्या पेटीत ठेवण्याचा विचारही करू नकोस. नावाचे मला फार अप्रूप नाही. स्फेरोफोरिया हे स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे विशेषण त्याला जुळते घे. गावावरून 'आंबोलिएन्सिस' केलेस तरी चालेल, फक्त त्या वंशात ते आधी कोणी वापरलेले नाही याची खात्री कर. स्वतःचे नाव देऊ नये, हा संकेत तुला ठाऊक असेलच.

आत्ता करायचे काम एवढेच की मादीला टाचणी लावून, वाळवून, चिठ्ठीसह बंद पेटीत ठेव. वाळवीहून लहान दिसणारे डर्मेस्टिड किडे एका रात्रीत नाही, पण एका पावसाळ्यात तिची भुकटी करतील. सप्टेंबरात पाऊस ओसरला की त्याच वाटेवर जा, आणि नर मिळाला तर पोट सोडवण्याआधी मला कळव. हे काम आधी एक-दोनदा आपण एका सामान्य जातीच्या नरांवर करून पाहू.

तुझा,
माश्यांच्या पेट्या सांभाळणारा एक जुना शिक्षक