‘बरो झालो, मगे असो कित्याक वागता?’

हा प्रश्न आमच्या केंद्राच्या पायरीवर इतक्यांदा येऊन बसलाय की आता तो दारातूनच ओळखू येतो. पोराच्या डोक्याला मार लागलेला असतो किंवा मेंदूज्वर होऊन गेलेला असतो. टाके सुकतात, भादरलेले केस परत येतात, पोर पळायला लागतं. फायलीत ‘नॉर्मल’ म्हणून रिपोर्ट असतो. आणि पाच-सहा महिन्यांनी आई-वडील विचारत येतात: बरा झाला ना, मग असा का वागतो? आई हे रडवेली होऊन विचारते, वडील रागाने. शाळेच्या चिठ्ठीत तोच प्रश्न टोमणा होऊन येतो.

सिंधुदुर्गात मेंदूला इजा झालेल्या आणि सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आमची पाच जणांची मानसशास्त्राची टीम आहे आणि ती मी चालवते. चालवते म्हणजे दर शुक्रवारी दुपारी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवते आणि जी सर्वांत कमी बोलते तिला आधी बोलायला लावते. हा नियम मी उगाच केलेला नाही, ते पुढे कळेल.

ज्याची गोष्ट सांगतेय त्याला बाबू म्हणू. आमच्याकडे घराआड एक बाबू असतोच. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय बारा, वडील देवगडकडे ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. गेल्या वर्षी एप्रिलात आंब्यावरून खाली जांभ्याच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, पडला. तिथून गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, चार दिवस बेशुद्ध, महिन्याने घरी. आमच्याकडे आला तो तब्बल चौदा महिन्यांनी, जूनमध्ये. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला असतात, म्हणून वडिलांना वेळ होता. वर्षभर समुद्रावर असलेल्या माणसाला घरात बसल्यावर मुलगा पहिल्यांदा नीट दिसला.

तक्रारींची यादी ओळखीचीच. हट्टी झालाय, उलट बोलतो, सांगितलेलं विसरतो, दप्तर फेकतो, वर्गात मारामारी, गृहपाठाला बसला की डोकं दुखतं. मोबाईल बघताना मात्र दुखत नाही. वडील हात उगारायचे, आई मध्ये पडायची, आणि आजीने देवळात गाऱ्हाणं घालून ‘भायरचा कायतरी लागला असतला’ म्हणून सांगितलं होतं. आजीशी मी वाद घातला नाही. घरातल्या सगळ्यांत फक्त तिलाच पोर मुद्दाम करत नाही असं वाटत होतं. निष्कर्षात आमचं तिच्याशी जमत होतं, कारण तेवढं वेगळं.

पहिली चूक माझी. सकाळी दहाला, माझ्या शांत खोलीत, एकट्या बाबूची बुद्धिमापन चाचणी घेतली. गुण वयाच्या मानाने ठीक आले. मी उत्साहात सांगून टाकलं, “बुद्धी शाबूत आहे हो त्याची.” पुढच्या खेपेला वडिलांनी तेच वाक्य माझ्यावर उलटवलं. “मॅडमनीच सांगितलान, बुद्धी बरी आसा. म्हंजे नाटकाच करता!”

कपाळामागच्या मेंदूला मार बसला की असं फसायला होतं. मेंदूचा हा भाग कामाला सुरुवात करतो, मध्ये थांबवतो, राग आवरतो, एक सोडून दुसरं धरतो. शांत खोलीत यातलं निम्मं काम परीक्षकच करून देतो. पुढे काय करायचं ते तो सांगतो, लक्ष भरकटू देत नाही, एका वेळी एकच गोष्ट समोर ठेवतो. पन्नास पोरांच्या वर्गात ते कोण करणार? शिवाय मेंदूतल्या बारीक तंतूंना ताण बसून झालेली इजा सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. मी लुरियाच्या वळणाची. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेल्या सैनिकांबरोबर काम केलेला हा रशियन मानसशास्त्रज्ञ किती गुण पडले यापेक्षा माणूस चुकला कसा, हे बघायचा. एवढं माहीत असून मी गुण सांगून मोकळी झाले होते.

टीममधल्या नव्या मुलाचं म्हणणं, चांगल्या वागण्याला चांदण्या देऊ, दहा चांदण्यांना बक्षीस. मला ते पटेना. बक्षिसासाठी पोर जोर लावतं, पण जोरच संपलेला असेल तर वर अपमान होतो. शुक्रवारी बराच वाद झाला. तेव्हा आमची गावोगाव फिरणारी कार्यकर्ती म्हणाली, “शनिवारी भांडण नाय होत.” तिने बाबूच्या आईला कॅलेंडरच्या चौकटीत भांडणाची वेळ लिहायला सांगितलं होतं. दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्या नोंदी दुपारी दीडनंतरच्या. शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा चौकट कोरी. मोबाईलचंही कोडं सुटलं: तिथे काही लक्षात ठेवायचं नसतं, कुणाला उत्तर द्यायचं नसतं. चार पदव्या लावलेली माणसं टेबलाशी बसली होती आणि उत्तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होतं.

म्हणजे हा थकवा. आपण खेळून दमतो तसा नव्हे. इजा झालेल्या मेंदूला पूर्वी आपोआप व्हायचं ते प्रत्येक काम जोर लावून करावं लागतं, आणि दुपारपर्यंत शिल्लक काही राहत नाही. आधी राग आवरणं जातं, मग लक्ष, मग आठवण. हे वडिलांना मी दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान डोलावली आणि घरी जाऊन पोराला फटकावलं.

जुलैच्या शेवटी ते एकटेच आले. बोलेनात. मीही थकले होते. म्हणून मनापासून वेगळंच विचारलं, “आता ट्रॉलर काढाल. एकदा गेलात की किती दिवस राहता?”

“बर्फ पुरता तितके.”

“आणि मासळी चांगली लागत असेल तर?”

ते हसले. मला काही कळत नाही याची त्यांना खात्री पटली असावी. “मासळी लागली म्हणान काय झाला? बर्फ सरत इलो की वळवची. सरल्यावर नाय, सरत इलो की. नायतर बंदरार येईपर्यंत सगळो माल कुसतलो.”

“ते कोण ठरवतं?”

“तांडेल. खलाशांका काय, ते म्हणतले अजून एक जाळा मारूया.”

मी काही सुचवलं नाही, एवढं मात्र स्वतःच्या बाजूने नोंदवते. समोरच्याच्या तोंडात उत्तर कोंबायची मला पूर्वी फार घाई असायची. पंखा फिरत होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. मग म्हणाले, “बाबूचो बर्फ दीड वाजता सरता.”

“हं.”

“आणि शाळा पाचाक सुटता.” थोडा वेळ गेला. “तेका वळवता कोण? कोणच नाय. माल कुसता, आणि आमी तेकाच मारतव.”

इतकी वर्षं मला वाटायचं की पालकांना मेंदू समजला की पोर समजेल. म्हणून चित्रं काढायची, रंगीत खडू वापरायची. त्या दिवशी कळलं की तांडेलाला मेंदू समजायची गरज नव्हती. साठा किती, परतायचं कधी आणि निर्णय कुणाचा, हे त्याच्या हाडात होतं. त्या ज्ञानात मुलगा कुठे बसतो ते बघायला फक्त जागा हवी होती.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण सरळ होतं. थकल्यावर विश्रांती द्यायची नाही, थकायच्या आधी द्यायची. अकरा, साडेबारा आणि दोन वाजता दहा मिनिटं वर्गाबाहेर शांत बसणं. एका वेळी एकच सूचना, तीही वहीत लिहून. अवघड विषयांचा अभ्यास सकाळी. भडकला की त्या क्षणी उपदेश, चौकशी, ‘सॉरी म्हण’ काहीही नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. झोपेची वेळ कडक. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “दमतात तर सगळीच.” तेव्हा वडील स्वतः शाळेत गेले आणि त्यांना बर्फाचा हिशेब सांगून आले. माझ्या पत्राने जे झालं नसतं ते झालं.

गणपतीत सगळं कोसळलं. मुंबईहून चाकरमानी, घरात वीसेक माणसं, आरत्या, झांजा, रात्रीची भजनं. तिसऱ्या दिवशी बाबूने आरतीचं ताट भिरकावलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी ‘लाडावून ठेवलाय’ म्हणालं. आईचा रडत फोन आला. वडिलांनी मात्र मागच्या पडवीत त्याची खाट टाकून दिली होती आणि पाहुण्यांना तिकडे फिरकू दिलं नव्हतं.

दोन गोष्टी पालक नेहमी विचारतात, त्या इथेच सांगते. एक, ‘लहान आहे, भरून निघेल ना?’ लहान मेंदू जास्त चांगला सावरतो ही समजूत 1930 च्या दशकातल्या माकडांवरच्या प्रयोगांतून पसरली. पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं सोपं राहिलं नाही. मुलं सावरतात, पहिल्या काही महिन्यांत वेगाने आणि नंतर हळूहळू वर्षानुवर्षं. पण पहिलीत झालेल्या इजेची उणीव कधीकधी सातवी-आठवीत दिसते, कारण एकट्याने अभ्यास आखायची वेळ तेव्हाच येते. मुलगा बिघडलेला नसतो, मागणी वाढलेली असते. दुसरं, सवलती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम नावानिशी आहेत. डोक्याला मार लागणं हा वेगळा प्रकार नाही. त्याने जे मागे ठेवलं, चालण्यातलं, बोलण्यातलं, बुद्धीतलं, त्या नावाखाली तपासणी करून घ्यावी लागते. खेटे पडतात. घालावेत. आणि फिट आली, उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली, तर माझ्याकडे नाही, सरळ डॉक्टरकडे.

दिवाळीनंतर तिघं आले. बोलता बोलता बाबू उठला. “बाबा, बर्फ सरत इलो,” म्हणाला आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. वडिलांनी माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघितलं. “साडेतीन,” ते बायकोला म्हणाले. तिने पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून लिहून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी मी टीमला हे सगळं जरा रंगवूनच सांगितलं आणि बर्फाचा दाखला सगळ्या पालकांसाठी छापून काढू म्हणाले. कार्यकर्तीने चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, सोमवारी येणाऱ्या मुलीचे वडील कलमं बांधतात,” ती म्हणाली. “त्यांना बर्फाचं काय?”