आजीच्या डब्यात 1944 चा जॉर्ज राजाचा रुपया सापडला, तो शुद्ध चांदीचा आहे का?

नाही, त्यात निम्मीच चांदी आहे, म्हणजे 11.66 ग्रॅम वजनात साधारण 5.8 ग्रॅम, बाकी तांबं, निकेल नि जस्त. आधीच्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी असायची पण महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून 1940 पासून ती 50 टक्क्यांवर आणली. मी ही नाणी जमवतो, खरं ओळखायला आधी कड बघा, दातऱ्यांच्या मधोमध खोलगट नक्षीची पट्टी दिसते. चिंच किंवा पावडर लावून चकचकीत मात्र अजिबात करू नका प्लीज, संग्राहक घासलेलं नाणं घेत नाहीत. आणि डब्यात 1939 चा रुपया निघाला तर तो फार दुर्मिळ, पण त्याचे डुप्लिकेटही भरपूर आहेत, जाणकाराला दाखवूनच ठरवा.