पंचेश्वरला चाललास तर ऐक

बाळा,

काल तुझा मेसेज आला, तिकीट निघालं म्हणून, कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून टनकपूर, लोहाघाट आणि मग जीपनं खाली नदीपर्यंत. भारी वाटलं. पण त्याखालीच 'काका, महसीर मासा नक्की गळाला लागेल ना' असं विचारलंस, म्हणून हे बसून लिहायलोय.

नक्की काही नसतं बघ. आपल्या उजनीवर कणकेची गोळी लावून बसलं तरी चिलापी येतेच, पंचेश्वरला, सरयू आणि महाकालीच्या संगमावर, मात्र सलग तीन दिवस कोरडे जाऊ शकतात, पैसे त्याही दिवसांचे भरलेले असतात, मग माणूस चिडतो आणि गाईडचं ऐकायचं सोडतो. मी सोडलं होतं म्हणून सांगतो.

गाईड तिथल्याच गावचा. एप्रिल होता, महाकालीला वरचं बर्फ वितळून गढूळ पाणी आलेलं, सरयू नितळ, दोन्ही मिळतात तिथं पाण्यात सरळ रेघ दिसायची. रेघेच्या सरयूकडच्या बाजूला स्पून, म्हणजे माशाला भुलवायची चमकती पत्री, टाका म्हणाला. मी आपला मधल्या धारेत फेकत बसलो, शहाणा! वर त्यानं ढिला ठेवलेला रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरीचा ब्रेक, गुपचूप आवळला, मोठा मासा सगळी दोरी घेऊन पळेल म्हणून. संध्याकाळी लागला एक. महसीर लागला की धारेबरोबर खाली पळत सुटतो, रीळ नुसती किंचाळते, आणि ड्रॅग आवळलेला असला की टप्. मासा गेला, तोंडात माझा तीन काट्यांचा गळ घेऊन. मासा गेल्याचं काही नाही, पण त्या गळाचं अजून वाईट वाटतं.

तू एकेरी गळ ने आणि टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट कर. मासा सोडायचाच असतो, सोनेरी महसीर संकटग्रस्त आहे. फोटोसाठी खडकावर ठेवू नको. कोरड्या हातानं त्याचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात आधी पाण्यात बुडव, मग पोटाखाली धर, तोंड धारेकडं, आणि थांब. कल्ले आधी भराभर हलतात, मग संथ होतात, आणि मनगटावर शेपटीचा असा फटका बसतो की सोडायचं कधी ते विचारावं लागत नाही.

आणि महसीर म्हणजे काय हिमालयाचाच मासा नव्हे हां, साईक्स नावाच्या इंग्रज साहेबानं १८३९ मध्ये जो खुद्री महसीर नोंदवला तो आपल्या भीमेलाच मिळणाऱ्या मुळा-मुठेतला. आता आपल्याकडं कुणाला सांगितलं तर हसतात.

बाकी किरकोळ. परमिटची झेरॉक्स वेगळी ठेव. गोट्यांवर शेवाळ असतं, गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नको. पलीकडचा काठ नेपाळ, मोबाईलनं तिकडचं नेटवर्क पकडलं की घड्याळ १५ मिनिटं पुढं जातं, मी एकदा उगाच लवकर उठून थंडीत बसलेलो. चादर आपलीच ने. कडक भाकरी टिकते, शेंगाचटणी पण, तिचा एक पुडा गाईडसाठी वेगळा बांध. मी दिला होता, तर दुसऱ्या दिवशी त्यानं एक शब्द न बोलता माझा ड्रॅग परत ढिला करून रॉड हातात दिला.

तुझा काका
सोलापूर