सीसीआर-७ बर्फावर का हरवतो?

प्रश्न : रक्तातल्या टी पेशींवरचा सीसीआर-७ हा ग्राही (रिसेप्टर) फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे रंगवलेल्या पेशी लेसरने एकेक मोजणाऱ्या यंत्रावर, बघतोय. रंग जोडलेली सगळी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) एकदम घालून नळी अर्धा तास बर्फात ठेवतो. सीडी-४५ आरए (टी पेशींवरची दुसरी खूण) छान वेगळा पडतो, सीसीआर-७ चा मात्र एकच पसरट ढीग येतो. मे महिन्यात टेबलावरच ठेवून केलं होतं, तेव्हा दोन ढीग स्पष्ट होते. प्रतिपिंड खराब झालंय का? नवी बाटली मागवू?
— संशोधक विद्यार्थी, रामबाग, इंदूर

उत्तर : बाटली राहू द्या, बर्फ काढा. सीसीआर-७ पेशीच्या पृष्ठभागावर स्थिर बसत नाही, सतत आत-बाहेर करतो. थंडीत ही ये-जा थांबते आणि प्रतिपिंडाला त्या क्षणी बाहेर असलेलेच रेणू सापडतात. ३७ अंशांना नवे रेणू वर येत राहतात, त्यांनाही ते चिकटतं. इंदूरच्या मे महिन्यातल्या टेबलाने तुमचं निम्मं काम फुकटात करून दिलं होतं.

१०० मायक्रोलिटर रक्तात आधी फक्त सीसीआर-७ चं प्रतिपिंड घाला आणि नळी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५-२० मिनिटं ठेवा. इन्क्युबेटर टाळा, हवेत नळी तापायलाच वेळ जातो. मग बाकीची प्रतिपिंडं, खोलीच्या तापमानाला, अंधारात, २० मिनिटं. लाल पेशी फोडण्याचं द्रावण त्यानंतरच. पुष्कळ द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असतं, ते आधी पडलं तर प्रतिपिंडाची जागाच बिघडू शकते.

सीसीआर-७ च्या प्रतिपिंडाला जोडलेला चमकता रंग फिकट घेऊ नका. एफआयटीसीपेक्षा पीई किंवा बीव्ही-४२१ बरा. मात्रा बाटलीवरच्या आकड्यावर न सोडता १.२५, २.५, ५ आणि १० मायक्रोलिटर अशी चढती करून बघा. जास्त घातलं की ऋण (सीसीआर-७ नसलेल्या) पेशीही उजळतात आणि दरी बुजते. मृत पेशी कशालाही चिकटतात, त्यामुळे त्या वेगळ्या ओळखणारा रंग हवाच.

धन आणि ऋण पेशींमधली सीमारेषा आयसोटाइपवर (पेशीवरच्या कशालाच नेमकं न चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर) आखू नका. सीसीआर-७ सोडून बाकी सगळे रंग असलेली नळी, म्हणजे एफएमओ, तीच खरी. रेषा जराशी सरकली तरी सेंट्रल मेमरी (आरए नाही, सीसीआर-७ आहे) आणि इफेक्टर मेमरी (दोन्ही नाहीत) यांचे आकडे बदलतात, आणि १९९९ पासून टी पेशींची ही वाटणी याच रेषेवर उभी आहे. पडताळा त्याच नळीत असतो : आरए ठळक असलेल्या नाइव्ह (अजून प्रतिजनाशी गाठ न पडलेल्या) सीडी-४ टी पेशी धन यायलाच हव्यात. त्याच फिकट असतील तर दोष रंगवण्यात आहे, रुग्णात नाही.

गोठवलेल्या पेशी वापरत असाल तर वितळवून एक-दोन तास ३७ अंशांना माध्यमात विसावू द्या. सीसीएल-१९ (सीसीआर-७ ला चिकटणारा नैसर्गिक रेणू) घातलेल्या पेशींत मात्र ग्राही खरोखरच आत गेलेला असतो. तिथे फिकट ढीग म्हणजे चूक नव्हे. आणि ३७ अंशांची तीव्रता बर्फावरच्या जुन्या तीव्रतेशी ताडून बघू नका. मे महिन्याचे आकडे वहीत वेगळ्या पानावर ठेवा.